अडचणीच्या वेळी कळवायचा नंबर

आमच्या लॅबमध्ये एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर कायम प्लास्टरची धूळ असते. आम्ही दात बनवतो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही साचा ओततो, मेणात दात लावून बघतो आणि शेवटी कवळी घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवतो. धंदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मी गेली सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. लग्न झालं, मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, पण सकाळी नऊला माझा एप्रन अंगावर असतोच. अण्णा मला मुकादम म्हणतात. "मुकादम आल्या, आता सगळ्यांनी सरळ बसा," असं रोज म्हणायचे, आणि सगळे म्हणजे ते एकटेच. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग माझ्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. वयानं माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण भावाची बायको म्हणून वहिनी म्हणायचं. भाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने पाण्यावरच. लॅबच्या वरच अण्णांचं घर आहे, तिथे ती आणि अण्णा दोघंच राहतात. म्हणजे सकाळचा चहा तिच्या हातचा, दुपारचं ताट तिच्या हातचं, आणि दिवसभर खाली लॅबमध्ये पुन्हा तीच. तिला मेण तापवता येत नाही. प्लास्टर कालवायला दिलं तर गुठळ्या करून ठेवते. पण कॉम्प्युटर येतो, आणि त्या जोरावर तिनं पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यातली खुर्ची धरली. "आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!" मी रात्री नवऱ्याला म्हटलं. नवरा म्हणाला, "त्या बिळात तू कधी पाऊल ठेवलं होतंस?" नवऱ्याजवळ मन मोकळं करू नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

तोपर्यंत त्या कॉम्प्युटरला काही शिस्त नव्हती हे खरं. बटण दाबलं की उघडायचा, कोणीही बसायचं. डॉक्टरांचे नंबर पडद्याच्या कडेनं चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर, काही अण्णांच्या वहीत आणि बाकीचे माझ्या फोनमध्ये. वहिनीनं एके दिवशी त्या सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या. तिघांची वेगळी खाती केली. कॉम्प्युटर लावला की तीन चौकोन दिसायचे, प्रत्येकात एकेकाचा फोटो, ज्यानं त्यानं आपल्या चौकोनावर टिचकी मारून आत जायचं. तिघांच्या फोनमधले सगळे नंबर तिनं ओढून एकाच जागी आणले आणि प्रत्येक माणसाचं एक कार्ड केलं. नाव, नंबर, पत्ता, फोटो. फोन वाजला की पडद्याच्या कोपऱ्यात त्या माणसाचा चेहरा यायचा. "आणि ताई, इथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं," ती मला समजावत होती. "आपल्या तिघांच्या फोनमध्येसुद्धा. पुन्हा पुन्हा लिहायला नको." मी मान हलवली. माझं लक्ष चौकोनांकडे होतं. माझा फोटो तिनं काम करताना काढलेला, तोंडाला मास्क, कपाळाला आठ्या, दरोडा घालायला निघाल्यासारखी मी. अण्णा मात्र त्यांच्या चौकोनात हसत होते. अगदी दात दाखवून, आणि ते दात मी केलेले आहेत. माझ्या आठवणीत कोणत्याही कॅमेऱ्यासमोर अण्णा हसलेले नाहीत. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते परीक्षेला बसल्यासारखे दिसतात.

"कसे काय हसले गं?" मी विचारलं.

"मी काही केलं नाही, ताई. म्हटलं अण्णा, हसा, तर हसले."

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मी ते गिळलं.

दोन चौक पलीकडे एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाकीच्या डॉक्टरांची कामं पोचवायला माणूस येतो, पण या दवाखान्यात कवळी अण्णा स्वतः चालत नेऊन देतात. पहिली कवळी त्यांनी तशी नेली होती म्हणून. "माणसाचं तोंड आहे ते, पार्सल नाही," असं ते म्हणतात. हे डॉक्टर कामाला चांगले, पण भारी किटकिटे. दात एका केसानं पुढे आला म्हणून तीनदा परत पाठवतात. माझ्या फोनमध्ये मी त्यांचं नाव 'कटकट्या' असं ठेवलं होतं. माझा फोन, माझी मर्जी.

एकदा ते स्वतःच लॅबमध्ये आले. बोलता बोलता वहिनीला म्हणाले, "माझा हा नंबर आहे ना तुमच्याकडे? थांबा, एक रिंग देतो." त्यांनी रिंग दिली आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा हसरा फोटो आला, कोट घातलेला, आणि खाली ठळक अक्षरात 'कटकट्या'. तीन फोनमधली नावं एकत्र करताना कॉम्प्युटरनं नेमकं माझ्या फोनमधलं वर घेतलं होतं.

डॉक्टर वाकून बघत राहिले. "हे मी का?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि अण्णा हसायला लागले. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या मागे वहिनी. मग डॉक्टरही हसले. "बरोबर आहे, अगदी बरोबर आहे!" म्हणाले. अण्णांनी वहिनीच्या पाठीवर थाप मारली. "सूनबाई, तुझ्या मशिननं चाळीस वर्षांचं खरं बोलून टाकलं!" सगळ्यांचं हसून झालं तेव्हा मी साच्याच्या कडा तासत होते. कोणी माझी चेष्टा केली नाही, कोणी बोललं नाही. पण ते तिघं हसत होते आणि मी त्यांच्यात नव्हते. अण्णा माझ्याबरोबर असे शेवटचे कधी हसले होते ते मला आठवेना.

त्यानंतर मी बघायलाच लागले. एकदा डोळ्यांत खुपायला लागलं की सगळंच खुपतं. माझ्या लक्षात आलं की अण्णा कवळी घेऊन गेले, की कधी कधी थोड्या वेळानं वहिनीचा फोन वाजतो. ती हलक्या आवाजात "हो अण्णा, आलेच" म्हणते. मग मला, "ताई, जरा जाऊन येते हं," आणि पायात चपला. अर्ध्या-पाऊण तासानं दोघं बरोबर परत येतात. एकदा हातात संत्र्यांची पिशवी. एकदा तिनं त्यांच्यासाठी नवा रुमाल घेतलेला. गप्पा मारत, रमतगमत, नेमक्या कामाच्या वेळात. मी एकटी दोन टेबलांचं काम ओढत बसलेली.

"कुठे गेला होतात?" मी विचारायची.

"इथेच. पाय मोकळे करायला," अण्णा म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता एप्रन चढवायचे. वहिनी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसायची.

सव्वीस वर्षांत अण्णांनी मला कधी पाय मोकळे करायला बोलावलं नव्हतं. मला हेवा वाटायचा. दुसरा बरा शब्द शोधला, सापडला नाही. पन्नाशीची बाई, मुलीच्या लग्नाचं बघायचं वय, आणि बापाच्या शेजारून कोण चालतं म्हणून माझा जीव जळायचा.

एका दुपारी वहिनी वर गेली होती. म्हटलं, त्या डॉक्टरांचं नाव तरी नीट करून टाकावं. माझ्या चौकोनातून आत गेले, कार्डांची यादी उघडली. सगळ्यात वर अण्णांचं कार्ड होतं. उघडलं. जन्मतारीख, रक्तगट, गोळ्यांची नावं, सगळं वहिनीनं व्यवस्थित भरलेलं. आणि तळाशी एक रकाना: 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं'. त्यात वहिनीचा नंबर. एकच नंबर, आणि तो तिचा.

तळपायाची आग मस्तकात गेली. हा रकाना तिनं मलाही विचारला होता, आणि मी पटकन, विचार न करता, अण्णांचा नंबर सांगितला होता. नवऱ्याचासुद्धा नाही. आणि अण्णांच्या अडचणीत कोण? तर काल आलेली ही! आई गेली तेव्हा त्यांना जेवायला कोणी बसवलं? मुतखड्यानं तळमळत होते तेव्हा अकरा रात्री दवाखान्याच्या बाकावर कोण झोपलं? त्यांच्या तोंडातले दात कोणी केले? ही त्या वेळी शाळेत पाढे म्हणत असेल.

तिला विचारता आलं असतं. अण्णांनाही विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? तुमच्या अडचणीत मी का नाही? असं विचारल्यावर जे उत्तर येईल ते मला नको होतं. शिवाय बोंब मारायची तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी वहिनीचा नंबर खोडला आणि तिथे माझा घातला. खाली 'जतन करा' असं होतं, त्यावर टिचकी मारली. डॉक्टरांचं नाव दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

त्यानंतर दोन दिवस मी वहिनीशी इतकी गोड वागले की तिनं मला तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. चोराच्या मनात चांदणं. ती पडद्यासमोर बसली की माझा हात थांबायचा, आता तिला दिसेल, आता विचारेल. पण भरलेलं कार्ड पुन्हा कोण उघडून बघतं? आणि खरं सांगायचं तर पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. बरं वाटत होतं. एका यादीत तरी मी होते. एवढ्यानं कोणाचं काय बिघडणार होतं?

तिसऱ्या दिवशी अण्णा तीन वाजता कवळी घेऊन निघाले. पावणेचारच्या सुमारास मी घासायच्या मशिनवर होते, तोंडाला मास्क, मशिनची घरघर. वहिनी कोपऱ्यात तिच्या खात्यात बसून बिलं छापत होती. एप्रनच्या खिशात माझा फोन थरथरला. बघते तर अण्णा. अण्णा मला फोन करत नाहीत. जे काय ते समोर बोलतात, नाहीतर वहिनीकरवी सांगतात. मला खोटं नाही सांगायचं, मला आनंद झाला. मशिन बंद न करताच मी फोन कानाला लावला. मास्क काढून बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"बाळ, मीच. झालं बघ पुन्हा तसंच."

बाळ? मला बाळ म्हणून किती वर्षं झाली असतील. मी "हं" म्हटलं, मास्कच्या आतूनच.

"डॉक्टरांच्या गल्लीला वळलो असं वाटलं, तर ही भलतीच गल्ली. मागे फिरलो तर मागचं काही ओळखीचं नाही. बाकावर बसलोय. समोर रंगाचं दुकान आहे, बाहेर डबे रचलेत. शेजारी एक निळी पाटी आहे, वाचता येत नाही, चष्मा टेबलावरच राहिला. घाबरलो नाही हं मी. तू सांगितलंस तसं बसून राहिलो आणि बटण दाबलं."

माझ्या हातातली कवळी मशिनला लागून उडाली आणि खाली पडली. मी ती उचलली नाही.

"ऐकतेस ना? आवाज कसला आहे तिथे? मुकादम शेजारी आहे का? मग तू बोलू नकोस, मीच बोलतो. तिला कळू देऊ नकोस एवढंच बघ. माया फार आहे गं तिची, नाही म्हणत नाही मी. पण तिला कळलं की संपलं. उद्यापासून खुर्चीत बसवेल, हातातलं काम काढून घेईल, डॉक्टरांकडे दुसऱ्याला पाठवेल. तिच्यासमोर चुकायची भीती वाटते मला. लहानपणापासून तिचं सगळं बिनचूक. तुझं बरं आहे, तुझ्यापुढे चुकलं तरी चालतं. ये तू. सावकाश ये."

मी "हं" म्हटलं. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं आणि आमच्याकडे मशिन चालू होतं, म्हणून ते खपलं. फोन बंद झाला.

मी मशिन बंद केलं. इतकी शांतता झाली की वहिनीनं मान वळवून बघितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच होतं, धावत जायचं. रंगाचं दुकान मला माहीत आहे, पाच मिनिटांच्या वाटेवर. जायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, माझी भीती वाटते का तुम्हाला? मी काय वाईट केलं तुमचं? मी एप्रनची गाठ सोडलीसुद्धा. आणि मग मला ते दिसले, बाकावर बसलेले, वहिनीची वाट बघत, आणि समोरून मी येतेय. त्यांचा चेहरा कसा होईल ते मला माझ्या हातांच्या रेषांइतकं ठाऊक होतं. ताठ बसतील. "इथेच, पाय मोकळे करत होतो," म्हणतील. आणि पुन्हा ते बटण कधी दाबणार नाहीत. पुढच्या वेळी हरवले तर हरवलेलेच राहतील.

"वहिनी," मी म्हटलं. "रंगाच्या दुकानासमोर अण्णा बाकावर बसलेत. जा तू."

तिनं आधी स्वतःच्या फोनकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. मग माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. तिला सगळं कळायला दोन क्षण लागले असतील. तोंड पांढरं पडलं तिचं. "ताई, मी तुम्हाला सांगणारच होते. त्यांनी शपथ घातली होती. त्यांच्या फोनचं कडेचं बटण तीनदा दाबलं की कार्डावरच्या त्या नंबरला फोन लागतो, तसं करून दिलंय मी. आत्तापर्यंत चार वेळा झालंय. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू..."

"गोळ्यांचं नंतर. तू जा. आणि फोन तूच घेतला होतास. मला काही माहीत नाही. समजलं?"

नंबर का बदललात, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर बरं वाटलं असतं. ती चपला घालून निघून गेली. तिच्या त्या शहाणपणाचाही मला राग आला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. अण्णांचं कार्ड उघडलं, माझा नंबर खोडला आणि तिचा घातला. तो मला पाठ नव्हता. तिच्या कार्डावरून एकेक आकडा बघून लिहावा लागला. एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात डॉक्टरांचा फोटो आला, खाली अजून 'कटकट्या'. पेशंट खुर्चीत बसलाय, कवळी कुठे आहे, म्हणून विचारत होते. चार वाजून गेले होते.

"वाटेतच आहेत अण्णा," मी म्हटलं. "आज सावकाश चालताहेत. आले की उशिराचं काही बोलू नका, डॉक्टर. जरा बसवून घ्या, चहा द्या."

ते म्हणाले, "बरं. सांगून ठेवतो." कटकट केली नाही.

पाच वाजता दोघं आली. अण्णांच्या केसांवर पाणी फिरवलेलं, शर्ट खोचलेला. वहिनीनं वाटेत सगळं नीटनेटकं करून आणलं होतं. "डॉक्टरांनी बसवूनच घेतलं," ते आत येता येता म्हणाले. "सोडेचनात. चहा काय, बिस्किटं काय!" माझ्याकडे चोरून बघितलं. इतर कुठल्याही दिवशी मी विचारलं असतं, चहाला दोन तास लागतात का? जीभ अगदी टोकावर आली होती.

"गोड बिस्किटं खाल्ली असतील तर कवळी धुऊन घ्या," मी म्हटलं.

"हो, मुकादम," म्हणाले आणि खूश होऊन टेबलाकडे गेले. तो शब्द मी सव्वीस वर्षं मिरवला होता.

संध्याकाळी अण्णा वर गेल्यावर आम्ही दोघी जिन्याखाली उभ्या राहून बोललो. म्हणजे मी बोलले. काम काढून घ्यायचं नाही, कवळी तेच नेतील, पण एकटे नाही. दर वेळी कोणीतरी मागून जायचं, त्यांना न कळता. आणि बटण आहे तसंच राहू दे. वहिनी म्हणाली, "ताई, त्यांना एकदा कळू द्या ना, की तुम्हालाही माहीत आहे. ते घाबरतात तितक्या तुम्ही..." आणि थांबली. तितक्या वाईट नाही, म्हणायचं होतं तिला. मी म्हटलं, "उद्या मागून मी जाते. तू लॅबमध्ये थांब."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता अण्णा निघाले. मी वीस पावलं मागे. त्यांच्या पाठीमागून मी अशी कधी चालले नव्हते. एक खांदा खाली गेलाय, डाव्या बुटाचा आवाज होतो. कवळीचा डबा दोन्ही हातांनी धरलेला. पहिला चौक त्यांनी बरोबर ओलांडला, रस्त्यावर कोणाला तरी हातसुद्धा केला. दुसऱ्या चौकात उजवीकडे वळायचं. तिथे ते थांबले.

मी एका भांड्यांच्या दुकानासमोर होते, बाहेर प्लास्टिकच्या बादल्या टांगलेल्या. त्यांच्या आड झाले. अण्णांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. चार पावलं डावीकडे गेले आणि परत आले. उजवीकडच्या कोपऱ्यावर दवाखान्याची पाटी होती, मला इथून दिसत होती. नुसती हाक मारली असती, अण्णा, उजवीकडे, तर काम झालं असतं. त्यांनी डबा काखेत धरला, खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि कडेचं बटण दाबलं. एकदा. दोनदा. तीनदा.

माझा हात माझ्या खिशात गेला. फोन हातात धरून मी उभी राहिले. तो वाजणार नाही हे मला माहीत होतं. वाजला नाही.

वीस पावलांवर अण्णा बोलायला लागले. गाड्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. पण पहिला शब्द ओठांवरून कळला. मग त्यांचे खांदे सैल झाले, चेहरा उजळला, त्या चौकोनातल्या फोटोत हसतात तसे ते फोनमध्ये हसले आणि भिंतीला टेकून निवांत उभे राहिले. मला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. काल सगळं ऐकल्यावर, तिला माफ केल्यावर, स्वतःच्या हातांनी तिचा नंबर लिहिल्यावरही तो तसूभर कमी झालेला नव्हता.

दुकानदार बाहेर आला. बराच वेळ मी बादल्यांत उभी आहे, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "काय दाखवू, बाई?" म्हणाला. मग माझी नजर कुठे आहे ते बघून त्यानंही तिकडे बघितलं. "आजोबा वाट चुकलेले दिसतात. ओळखीचे आहेत का तुमच्या? विचारू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "येतंय त्यांचं माणूस."